न बोलणाऱ्या जावांचं नभोनाट्य

साहित्य म्हणजे काय, याबद्दल माझ्या मनात कधीच गोंधळ नव्हता. ज्याला पुठ्ठा असतो आणि जे कपाटात उभं राहतं, ते साहित्य. बाकी सगळी करमणूक. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या समोरच्या भिंतीला माझं काचेचं पुस्तकांचं कपाट आहे. सासूबाई मालिका बघायला बसल्या की मी मुद्दाम खुर्ची फिरवून कपाटाकडे तोंड करून बसायचे. आपण कोणाच्या पक्षात आहोत ते घरातल्यांना कळलेलं बरं.

मी अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवते. माहेर बदलापूरचं, सासर पालेगावचं. एम. ए. करायचं राहून गेलं होतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात रविवारच्या वर्गाला नाव घातलं. ऐच्छिक विषयांत ‘साहित्य आणि माध्यमे’ असा एक पेपर होता. मी त्यातलं ‘साहित्य’ वाचलं आणि खूण करून मोकळी झाले. ‘माध्यमे’ हा शब्द मला नंतर भेटला.

शिकवणारे सर माझ्याहून बरेच लहान. डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो तसा यांच्या गळ्यात कायम हेडफोन. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, “साहित्य कुठे सापडतं?”

“पुस्तकात,” मी म्हणाले. शाळेत मी प्रश्नही विचारते आणि उत्तरही देते, ती सवय.

“छान. आता हे ऐका.” त्यांनी स्पीकर चालू केला. त्यातून आमच्या गल्लीतून फिरणाऱ्या टेम्पोची ती रेकॉर्ड केलेली हाळी आली. लोहा, पत्रा, जुना फ्रिज, जुनी बॅटरी, पेपर, पुस्तक, भंगारवाला.

वर्ग हसला. सर मात्र गंभीर. म्हणाले, “हा माणूस श्वास कुठे घेतो बघा. जड वस्तू आधी आहेत, हलक्या नंतर. शेवटचा शब्द लांबवलाय, कारण टेम्पो वळणावर गेला तरी तो मागे राहायला हवा. हे कुणीतरी रचलंय. आणि मॅडम, यात पुस्तकही आहे.”

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की मला एवढ्या लांब बोलावून भंगारवाला ऐकवला. ते जेवता जेवता म्हणाले, “आपल्याकडे तर तो दारात येतो.”

मी पेपर बदलायचा अर्जही विचारून आले. मुदत संपली होती.

मग आलं ते प्रकल्पाचं काम. एकच गोष्ट घ्यायची आणि ती तीन माध्यमांतून सांगायची: कानासाठी, चित्रांत आणि कॅमेऱ्यातून. तिघातिघांचे गट पाडले. माझ्या गटात उल्हासनगरची एक सिंधी मुलगी आली. तिच्या घरचं कापडाचं दुकान. दुकानाच्या जाहिराती मराठीत स्वतः करायच्या म्हणून ती शिकत होती. दुसरा वांगणीचा, तिशीतला, लग्नांना साऊंड सिस्टिम पुरवणारा. ओळख करून देताना तो म्हणाला, “मोठा आवाज मला येतो. बारीक शिकायचाय.”

“गोष्ट कोणती घ्यायची?” मुलीने विचारलं.

मी जरा थांबून, विनयाने म्हणाले, “माझी एक कथा आहे. दिवाळी अंकात आली होती.”

आली होती हे खरंच. ती वाचणारे म्हणजे मी, बहुधा संपादक आणि बदलापूरचे एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी फोन करून शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या होत्या. कथा अशी: दोन सख्ख्या जावा, शेजारी शेजारी घरं, मधे शेवग्याचं झाड. झाडावरून भांडण होतं आणि अबोला पडतो. पुढे जमीन बिल्डरला जाते, झाड तोडलं जातं, दोघींना समोरासमोर फ्लॅट मिळतात. शेवटी एक जण शेवटच्या शेंगा दुसरीच्या दाराला अडकवून जाते. अख्ख्या कथेत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. याचा मला फार अभिमान होता.

या दोघी मला कुठे सापडल्या हे मी गटाला सांगितलं नाही. एक माझ्या सासूबाई. दुसरी त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे आमची काकी. पालेगावची जमीन गेल्यावर दोघा भावांनी एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट घेतले, पण जावांचा अबोला काही मोडला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तो घरात आधीच होता, कपाटासारखा. कारण विचारलं तर नवरा म्हणाला, “जुनं आहे, सोड.” मग मी कारण तयार केलं. दोन घरांच्या मधे शेवगा खरोखरच होता, त्यामुळे फार ताण पडला नाही.

छापून आलं तेव्हाही मला काळजी वाटली नव्हती. सासूबाई कॅलेंडरच्या मागचं भविष्य वाचतात आणि काकी तेही कुणाकडून तरी वाचून घेते. आमच्या मजल्यावर छापील पानाइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

पुढच्या रविवारी गटातली सिंधी मुलगी कथा वाचून आली. “दीदी, एक बात बोलू? यात डायलॉगच नाहीये.”

“तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे.”

“हां, पण नभोनाट्य करायचंय ना? ऐकणाऱ्याला काय कळणार? उसको लगेगा मोबाइल बंद पडलाय.”

वांगणीचा कथेची झेरॉक्स बोट ठेवून वाचत होता. एका जागी थांबून त्याने विचारलं, “ताई, इथे लिहिलंय, ‘दोन घरांमध्ये एक गहन, ओलसर मौन पसरले होते.’ ओलसर कसं वाजवू?”

मला राग आला. त्या ‘ओलसर’वर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. पण शांतता वाजत नाही, एवढं मलाही कळत होतं. नुसती शांतता ठेवली तर ऐकणारा स्पीकर ठोकून बघणार.

आठवड्याने तो एक तुकडा घेऊन आला. कॉलेजच्या कट्ट्यावर त्याने माझ्या कानांना हेडफोन लावला. एक बाई नळाखाली हंडा भरतेय. भरता भरता काहीतरी गुणगुणतेय. मग थोड्या अंतरावर एक कडी वाजते, दार उघडल्याचा आवाज. गुणगुणणं तुटतं. नुसतं पाणी. हंडा भरून वाहायला लागतो तरी कुणी नळ बंद करत नाही. दार पुन्हा लागतं आणि मग गुणगुणणं जिथे तुटलं होतं तिथूनच सुरू होतं.

मी तो तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगितला आणि मगच हेडफोन काढला.

“चाललंय का?” त्याने विचारलं. “आमच्या आईकडून करून घेतलं. ती म्हणत होती, नळ चालू ठेवून पाणी कशाला घालवतोस.”

“चाललंय,” मी म्हणाले आणि ‘ओलसर’वर स्वतःच्या हाताने काट मारली. त्या दिवशी माझी बरीच वाक्यं गेली. जी थोडी उरली ती निवेदनाची, आणि ती मीच वाचायची असं दोघांनी ठरवलं. वाचताना मला कळलं की माझी वाक्यं किती लांब आहेत. दोन वेळा मधेच श्वास संपला. लिहिताना श्वास लागत नाही, म्हणून हे कधी लक्षातच आलं नव्हतं. भंगारवाला माझ्या पुढे होता म्हणायचा.

चित्रांचं काम मुलीने घेतलं. तिने दोघी जावांचे चेहरे काढलेच नाहीत. एकीला मोठ्या फुलांची साडी दिली, दुसरीला बारीक चौकड्याची, आणि सगळीकडे त्या पाठमोऱ्याच ठेवल्या. “दुकानात मी बायकांना साडीवरूनच ओळखते, दीदी. तोंड नंतर बघते.” एका चौकटीत फुलं, पुढच्या चौकटीत चौकडा. दोन चौकटींच्या मधे नेहमी असते तेवढी पांढरी पट्टी.

“मधली भिंत कुठाय?” मी विचारलं.

“ही काय!” तिने त्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. “ती काढायला नाही लागत.”

 भिंतीचं वर्णन करताना मी पोपडे, ओल, पाल आणि खुंटी असं सगळं घातलं होतं. हिने काहीच न काढता भिंत उभी केली होती. आणि मला त्याचं वाईट वाटण्याऐवजी मजाच वाटायला लागली. पुढचे काही रविवार मी वर्गात लवकर पोचायला लागले. नवऱ्याने विचारलं, “आज कोण येतोय, दूधवाला?” तरी मी चिडले नाही.

कॅमेऱ्याचं तेवढं राहिलं. दोन बायका हव्या होत्या. मुलगी म्हणाली, “तुमच्या घरी कोणी नाही का, अशा दोघी?”

“नाही,” मी म्हणाले. इतक्या घाईने, की दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी मी नवऱ्याला ते नभोनाट्य ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “हे तू केलंस? एकदम झकास!” लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या लिखाणाबद्दल ‘झकास’ हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला होता. मी इतकी खूश झाले की त्यांनी फोन हातात घेऊन काय केलं याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी भाकऱ्या करायला आत गेले.

थोड्या वेळाने हॉलमधून माझा आवाज आला. माझाच, निवेदनाचा. सासूबाईंच्या फोनमधून. मी पीठ लागलेल्या हातांनी जागीच थांबले. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटच्या जाळीच्या दारातून पुन्हा माझाच आवाज आला, दोन-चार वाक्यं मागे. काकीच्या फोनमधून.

“अहो! हे कुठे पाठवलंत?”

“फॅमिली ग्रुपवर,” नवरा सोफ्यावरून म्हणाला. “लिहिलंय पण, ‘आमच्या हिचं नाटक’. सगळ्यांना आवडेल.”

पळायला जागा नव्हती. आमच्याकडे नळ चालू झाला, गुणगुणणं तुटलं. मग समोर नळ चालू झाला, गुणगुणणं तुटलं. आमच्याकडच्या जावेने दाराला शेंगा अडकवल्या. जरा वेळाने समोरच्या जावेनेही अडकवल्या. मग दोन्ही फोन गप्प झाले.

समोरची कडी वाजली. काकी मधला पॅसेज ओलांडून आमच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मी या घरात आल्यापासून ती कधी तिथे उभी राहिली नव्हती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. थेट सासूबाईंना म्हणाली, “ऐकलंस?”

सासूबाई म्हणाल्या, “ऐकला.”

“आपून झारावरून भांडलू?”

“कंचा झार? त्यो शेवगा त पावसान कवाच परला व्हता.”

“शेंगांसाठी कोन अबोला धरतं गो?”

आणि मग दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

“आई, ती गोष्ट आहे,” मी म्हणाले. “कल्पित.”

“कल्पित म्हंजे?” काकीने विचारलं. मला नाही, सासूबाईंना.

“खोटी,” सासूबाई म्हणाल्या.

“मंग खरी लिवाची ना!”

“खरी मला कुणी सांगितलीच नाही,” मी म्हणाले. आता मलाही चेव आला होता. “सांगा ना मग. कशावरून बोलत नव्हतात?”

दोघी एकदम बोलायला लागल्या, त्यामुळे ऐकायला वेळ लागला. झालं होतं ते असं. आमच्याकडे लग्नात हळदीला बायका धवले म्हणतात. धवले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली लग्नातली गाणी. माझ्या नवऱ्याच्या हळदीला पुढे बसून म्हणायचा मान या दोघींना होता. एका ओळीला सासूबाईंनी म्हटलं, ‘हलद कल्यानचे बाजाराची’. काकीने तिथेच गाणं थांबवून सांगितलं, “बाजाराची नाय, मामाचे मल्याची!”

“तर काय!” काकी म्हणाली. “मामा समोर बसलेला. त्याचे मल्याची हलद. आन ही बाजार बाजार करतंय. मामाची इज्जत काय रायली?”

“माजे आयशीनी शिकवलेला हाय त्यो,” सासूबाई कडाडल्या. “माजे म्हायेरी, मोरिवलीन, आमी बाजाराचीच म्हनताव. आन सांगाचा व्हता त कानान सांगाचा. माईकवर कनाला सांगितलास?”

हा खरा मुद्दा होता. त्या लग्नात पहिल्यांदाच हळदीला माइक आणला होता. माइक नसता तर काकीची दुरुस्ती मांडवातल्या चार बायकांनी ऐकली असती. माइकमुळे ती सगळ्या गावाने ऐकली.

मी नवऱ्याकडे वळले. “हे तुमच्या हळदीला झालं. तुम्ही तिथे होतात.”

“पाटावरच होतो,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

मला हसू आवरेना. आदल्याच सत्रात आम्हाला पाठभेद होता. जुन्या पोथ्यांच्या नकला करताना एखादा शब्द कसा बदलतो, कोणता पाठ मूळचा मानायचा, यावर मी पानंच्या पानं लिहून आले होते. आणि माझ्या घरात, माझ्या लग्नापासून, एका पाठभेदावरून दोन दारं बंद होती. मी मात्र टीव्हीकडे पाठ करून शेवग्याच्या शेंगा रंगवत बसले होते. घरातलं सगळ्यांत मोठं वाङ्मयीन भांडण मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

“हसतंस काय?” काकी रागावली.

“म्हणून दाखवा ना,” मी म्हणाले. “तो धवला.”

“हलदीबिगर म्हनाचे नसतात,” सासूबाई म्हणाल्या. काकीनेही मान हलवली. पण मग काकी पुटपुटली, “हिला आठवल तं म्हनल.” झालं. सासूबाईंनी मांडी घातली आणि सुरू केलं.

काकी उंबऱ्यातच बसली. आधी नुसती ऐकत होती. मग ओठ हलायला लागले, मग आवाज आला. ती ओळ जवळ आली तशी दोघींनी माना ताठ केल्या. एक ‘बाजाराची’ म्हणाली, दुसरी ‘मल्याची’ म्हणाली, आणि दोघीही थांबल्या नाहीत. पुढची ओळ दोघींची एकच होती, त्यानंतरची पण. एकीचा श्वास संपायचा तिथे दुसरीचा चढायचा. भाकरी तव्यावर जळल्याचा वास आला तरी मी हलले नाही. नवऱ्याने प्रसंग ओळखून फोनवर शूटिंग केलं. त्यात फक्त पंखा दिसतो. पण आवाज आहे.

तो पंखा मी दुसऱ्या दिवशी गटाला दाखवला. मुलगी म्हणाली, “दीदी, तुम्ही म्हणालात घरी कोणी नाही!” वांगणीचा नुसता ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “हळदीला आम्ही बेस एवढा चढवतो की हे कधी ऐकूच येत नाही. आमचीच चूक आहे.”

पुढच्या रविवारी दोघं सामान घेऊन पालेगावला आले. सासूबाईंनी कॅमेऱ्यासमोर यायला साफ नकार दिला. “आमी गानार. तोंड कनाला दाखवाचा?” काकी मात्र नऊवारी नेसून, गजरा माळून तयार. एकीचं तोंड दिसणार आणि दुसरीचं नाही, यावरून नवा अबोला पडतो की काय अशी वेळ आली. शेवटी मुलीने तोडगा काढला. दोघींपुढे जातं मांडलं, त्यात हळकुंडं घातली, आणि कॅमेरा नुसता हातांवर ठेवला. चार हात, एक खुंटा. तिला चेहऱ्यांची गरज वाटत नाही हे मला माहीत होतंच.

वांगणीच्याने विचारलं, “माइक एक लावू की दोन?”

“दोन!” दोघी एका आवाजात म्हणाल्या.

वायरी जोडता जोडता तो सहज बोलून गेला, की त्याची आत्या ती ओळ तिसरीच म्हणते, ‘हलद देवाचे घरची’.

“चुकीचा,” सासूबाई म्हणाल्या.

“एकदम चुकीचा,” काकी म्हणाली. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपलं एकमत झाल्याचं लक्षात येऊन दोघीही जरा ओशाळल्या.

सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकबाई जुन्या वळणाच्या होत्या, अगदी माझ्यासारख्या. नभोनाट्य ऐकून, चित्रं पाहून, शेवटी हळदीचे हात पाहून त्यांनी विचारलं, “सगळं छान आहे. पण यात तुमचं लेखन नेमकं कोणतं?”

वर्षभरापूर्वी मला कुणी हे विचारलं असतं तर मी दिवाळी अंक पुढे केला असता. आता मला खरंच विचार करावा लागला. मी म्हणाले, “आधी मला वाटायचं, शब्द म्हणजे लेखन. आता वाटतं, नळ कुठे चालू ठेवायचा आणि गुणगुणणं कुठे तोडायचं, हेसुद्धा लेखनच. ते मी केलं नाही, पण करताना पाहिलं. धवला तर यातल्या कुणाचाच नाही. माझी ती कथा आहेच, पण तिला आता दोन वाचक नव्याने मिळालेत आणि दोघींचं म्हणणं आहे की ती चुकीची आहे.”

परीक्षकबाई हसल्या. सर मात्र हेडफोन सारखा करत म्हणाले, “म्हणजे अजून एक पाठभेद.”

गुण बरे मिळाले. माझं पुस्तकांवरचं प्रेम काही कमी झालं नाही, कपाटही जागच्या जागी आहे. फक्त शाळेत धडा शिकवताना मी आता मुलांना विचारते, हा धडा डोळे मिटून ऐकला तर काय काय ऐकू येईल? आठवीच्या वर्गातून मला अशी उत्तरं मिळतात की धडा लिहिणाऱ्याने बसून ऐकावीत. मालिकाही मी अधूनमधून बघते. वाईट असतात, पण आता का वाईट ते मी सासूबाईंशी भांडून सांगू शकते, आणि बऱ्याचदा त्या जिंकतात.

जावांचं म्हणाल तर समेट वगैरे काही झाला नाही. दोघींची दारं दिवसभर उघडी असतात आणि मधल्या पॅसेजमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पडलेल्या असतात. कोणाच्या लग्नात कोणी कोणता धवला कसा बिघडवला, याचा हिशेब सकाळी चहापासून सुरू होतो. अधूनमधून जोरात वाजतं. मग एक जण उठून आपल्या घरात जाते आणि भाजी चिरायची ताटली घेऊन परत येते.

परवा क्रिकेटची मॅच होती. नवऱ्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला, मग कंटाळून टीव्ही बंद केला. मला म्हणाले, “तुझी ती गोष्ट मागे घेता येईल का? अबोला होता तेव्हा कॉमेंट्री तरी ऐकू यायची.”

“तुम्हीच पाठवलीत ग्रुपवर,” मी म्हणाले, आणि माझी खुर्ची उचलून पॅसेजमध्ये जाऊन बसले.